पेव, वाकळ आणि दहा गुंठे

(गणेशोत्सवातील व्याख्यानाचा मजकूर)



गणपतीतले व्याख्यान म्हटले की सोलापूरहून नाहीतर कलबुर्गीहून कुणीतरी जाणकार बोलवायचे, त्यांना शाल-श्रीफळ द्यायचे आणि रात्री उशिरा जीपने परत पोचवायचे, अशी आपली रीत आहे. यंदा कार्यकारिणीने घरचेच वक्ते उभे करायचे ठरवले आणि ती पाळी आमच्यावर आली. 'आम्ही' म्हणजे करजगीतली ती सात-आठ घरे, जी महिन्यातल्या एका रविवारी कुणाच्या तरी अंगणात जमतात आणि हाताने करायचे एखादे काम एकमेकांना शिकवतात. वाचायला एकजण उभा असला तरी मजकूर सगळ्यांनी बसून लिहिला आहे. त्यामुळे कुठे एका वाक्याची चाल दुसऱ्यासारखी लागली नाही, तर सांभाळून घ्यावे.

सुरुवात धान्यापासून करू, कारण आमच्या बैठकांची सुरुवातही तिथूनच झाली.

आपला कलबुर्गी जिल्हा तुरीचा. 'गुलबर्गा तूर डाळ' या नावाला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. आणि तरीही आपल्यातल्या किती घरांत शेतातली तूर पोत्याने बाजारात जाते आणि डाळ पिशवीतून घरी येते, याची मोजदाद मांडवात करायला नको. सगळ्यांना माहीत आहे. घरी डाळ करायची तर तुरीला तेल-पाणी चोळायचे, ढीग करून रात्रभर झाकायची, मग दोन-चार कडक उन्हे द्यायची आणि जात्यावर भरडायची. आपल्या भागात दुसरी पद्धतही आहे: तूर भिजवून तिला तांबड्या मातीचा, म्हणजे कावेचा, लेप द्यायचा आणि वाळवून भरडायची. कावेमुळे साल सुटते आणि डाळ टिकतेही. पहिल्या पद्धतीत तेल किती आणि दुसऱ्या पद्धतीत किती वेळ भिजवायचे, हे कुठल्याही पाकिटावर लिहिलेले नसते. ते बोटांना कळते. दाणा दोन बोटांत दाबला की साल सरकायला हवे. हे दाखवावे लागते, सांगून पोचत नाही. सांगून पोचले असते तर आम्ही रविवारी जमलो नसतो, स्मरणिकेत छापून मोकळे झालो असतो.

साठवण हा त्याहून मोठा विषय. जुन्या मंडळींना पेव आठवत असेल. कन्नडमध्ये त्यालाच हगेव म्हणतात. पाणी न लागणाऱ्या कठीण जमिनीत खोल खड्डा खणायचा, तोंड अरुंद ठेवायचे, आत वाळला कडबा आणि भुसा लावून ज्वारी भरायची, वर दगड ठेवून मातीने लिंपून टाकायचे. आत कसली फवारणी नाही, गोळी नाही. धान्य स्वतःच श्वास घेत असते, त्यामुळे कोंडलेल्या जागेतला प्राणवायू हळूहळू संपतो आणि किडा जगत नाही. साधेच शास्त्र आहे, पण त्यातच धोकाही आहे. पेव उघडल्यावर लगेच आत उतरणारा माणूस गुदमरून पडू शकतो. म्हणून आधी तोंड मोकळे ठेवून वारा लागू द्यायचा, मग दोरीने कंदील खाली सोडायचा. कंदील विझला तर कुणीही उतरायचे नाही. पेव पुन्हा खणा, असे आमचे म्हणणे अजिबात नाही. पत्र्याची कोठी सोयीची आहे. पण कंदील का सोडायचा हे ज्याला कळले आहे, त्याला आजच्या बंद विहिरीत, मैल्याच्या टाकीत का उतरू नये, हेही कळते. आजही माणसे अशाच जागांत जीव गमावतात.

बियाणे मात्र पेवात ठेवत नसत. कोंदट धान्य खायला चालते, त्याची उगवण कमी होते. बियाण्याची जागा वेगळी: मडके, कणगी, राख, कडुनिंबाचा पाला. कडधान्याच्या बियाण्याला किलोला चमचाभर गोडेतेल चोळले की भुंगा अंडी घालायला धजत नाही. चुलीची राख तर फुकटच. ती दाण्यांच्या फटीत बसते आणि किड्याला हलायला जागा ठेवत नाही. राख मात्र चाळून, पूर्ण गार आणि कोरडी घ्यावी. हे वाक्य एका आक्कांनी खास घालायला लावले.

भीमा आपल्यापासून लांब नाही. ऑक्टोबर २०२० मध्ये तिला जो पूर आला, तो अफजलपूर तालुक्यात कुणाला सांगायला नको. घरात पाणी शिरले की सर्वांत आधी जाते ते जमिनीलगत ठेवलेले धान्य, आणि त्यात बियाण्याचे मडके असेल तर पुढचे वर्षही जाते. म्हणून आमच्या गटात देशी वाणांचे बियाणे एका घरात ठेवायचे नाही असे ठरले. मालदांडी ज्वारी, अंबाडी, दोडका, घेवडा, जे काही असेल, ते निदान तीन घरांत आणि त्यातले एक घर उंचावरचे. नेणाऱ्याने सुगीनंतर नेले त्याहून जास्त परत द्यायचे.

ही काही आमची युक्ती नाही. बिदरपासून फार लांब नसलेल्या जहीराबादच्या पस्तापूर गावी डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटीच्या बायकांच्या संघमांनी हे काम कितीतरी वर्षांपासून चालवले आहे. ही संस्था १९८३ पासूनची. त्यातल्या बहुतेक बाया दलित, जमीन थोडी आणि तीही हलकी. त्या जमिनीत त्या एकाच वेळी ज्वारी, बाजरी, तूर, मूग, जवस अशी कितीतरी पिके मिसळून पेरतात, बियाणे आपापल्या घरी जपतात आणि गरजूला उसने देतात. दर संक्रांतीच्या सुमारास बैलगाड्या सजवून गावोगाव बियाण्यांची जत्रा नेतात. २००८ च्या ऑक्टोबरात त्यांनी माचनूरला स्वतःचे रेडिओ केंद्र सुरू केले. ज्या बायांना लिहिता-वाचता येत नाही, त्यांचे शेतीचे ज्ञान कागदावर उतरण्याची वाट न बघता थेट आवाजातून दुसऱ्या गावाला जाते. २०१९ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचा इक्वेटर पुरस्कार या संघमांना मिळाला. जमीन आपल्यासारखीच, पाऊस आपल्यासारखाच. आपण पंढरपूर-तुळजापूरला वरचेवर जातो, एकदा पस्तापूरलाही जाऊन यायला हरकत नाही.

आता श्रीपाद दाभोलकरांविषयी. त्यांच्याबद्दल जरा सविस्तर बोलायची आमची इच्छा आहे, कारण तरुण मंडळींना दाभोलकर म्हटले की डॉ. नरेंद्र दाभोलकर आठवतात. श्रीपाद अच्युत दाभोलकर हे त्यांचे थोरले बंधू. मूळचे गणिताचे प्राध्यापक, राहणे कोल्हापूरला. शेतीची पदवी नसलेल्या या गृहस्थांनी 'प्रयोग परिवार' नावाचे जाळे विणले. त्याची रीत अशी की कुणी वर बसून शिकवायचे नाही. शेतकऱ्याने आपल्या रानात एक लहानसा प्रयोग करायचा, मोजायचा, लिहून ठेवायचा आणि दुसऱ्या शेतकऱ्याला सांगायचा. पत्रे लिहायची, एकमेकांच्या बागेत जाऊन पाहायचे, प्रश्न विचारायचे. तासगाव भागातल्या द्राक्ष बागायतदारांनी या रीतीने जे काम केले त्याचा बोलबाला राज्याबाहेरही झाला. पानाला किती ऊन मिळते, वेलीवर किती पाने असली म्हणजे एक घड पोसतो, पांढरी मुळी कुठे वाढते, असे प्रश्न चौथी-सातवी शिकलेली माणसे एकमेकांना विचारू लागली आणि उत्तरे मोजून देऊ लागली.

शेतकऱ्याची नजर काय करू शकते, याचा पुरावा तर आपण दर उन्हाळ्यात खातो. 'तास-ए-गणेश' ही द्राक्षाची जात तासगावजवळच्या बोरगावच्या एका बागायतदाराने आपल्या बागेतला वेगळा वेल हेरून निवडली. मंडपात बाप्पा बसले आहेत, तेव्हा नावातला गणेश मुद्दाम सांगितला. आणि 'सोनाका' तर आपल्या शेजारच्या सोलापूर जिल्ह्यातली: सोलापूर, नान्नज आणि काळे यांची आद्याक्षरे. नान्नजच्या नानासाहेब काळे यांनी ती निवडली. हे दोन्ही शोध शेतात फिरणाऱ्या शेतकऱ्याचे, प्रयोगशाळेतले नव्हेत.

दाभोलकरांचा दुसरा विचार दहा गुंठ्यांचा. चाळीस गुंठ्यांचा एकर. त्यातला चौथा हिस्सा पाचजणांच्या कुटुंबाला नीट जगवू शकतो, मात्र ऊन, पाणी आणि पालापाचोळा यांतले काही वाया जाता कामा नये. 'प्लेन्टी फॉर ऑल' या त्यांच्या इंग्रजी पुस्तकात हा सगळा हिशेब मांडलेला आहे. ते १९९८ साली मेहता पब्लिशिंग हाउसने काढले. आमच्यातल्या दोन घरांनी दहा नाही, पण परसातल्या एकेका गुंठ्यावर हे करून पाहिले. एक किलो ताजे शेण, एक लिटर गोमूत्र, पन्नास ग्रॅम गूळ, दहा लिटर पाणी. तीन दिवस सकाळ-संध्याकाळ ढवळायचे, मग दहापट पाण्यात मिसळायचे. त्यात वाळला पाला भिजवून थर लावायचे, मधूनमधून मूठभर माती. ढीग हाताला ओला लागावा, पण मूठ पिळली तर पाणी गळू नये. एका घरी माती काळीभोर, भुसभुशीत झाली. दुसऱ्या घरी पाला नीट वाळलेला नव्हता, तिथे नुसता वास सुटला. दोन्ही घरांनी वहीत लिहून ठेवले आहे, वही मंडळाच्या कपाटात आहे, कुणीही बघावी. प्रयोग परिवाराची खरी शिकवण आम्हाला या वहीत दिसते. फसलेलेही लिहायचे आणि सगळ्यांनी वाचायचे.

जुने ते सगळे चांगले, असा आमचा सूर कुणाला वाटला असेल तर एक गोष्ट सांगणे भाग आहे. आपल्या भागातली माळवदी घरे उन्हाळ्यात गार असतात, हे खरेच. लाकडी तुळया, त्यावर फळ्या, त्यावर मातीचा जाड थर. गळू नये म्हणून दर उन्हाळ्यात वर पांढऱ्या मातीचा नवा थर पडायचा. जुना थर कुणी काढत नसे. वर्षानुवर्षे ते ओझे वाढत जायचे. भिंती रुंद दगडांच्या, पण आत-बाहेर दोन वेगळ्या कातड्यांसारख्या आणि मध्ये माती-कपची. दोन्ही बाजूंना धरून ठेवणारा आरपार दगड क्वचितच. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट इथल्या वडीलधाऱ्यांना आठवत असेल. गणपती विसर्जन करून माणसे घरी येऊन झोपली होती. चारच्या सुमारास किल्लारी-सास्तूर परिसरात भूकंप झाला आणि हीच माळवदे हजारो माणसांच्या अंगावर आली. हादरा आपल्याकडेही जाणवला होता.

त्यानंतर जे झाले, ते आपल्या विषयाच्या अगदी गाभ्यातले आहे. उरलेली घरे पक्की कशी करायची हे गवंड्यांना नव्याने शिकवावे लागले. छतावरची जादा माती उतरवणे, भिंतीत ठरावीक अंतरावर आरपार दगड किंवा काँक्रीटचे बंध बसवणे, कोपरे बांधून घेणे. आणि हे घरोघरी समजावण्याच्या कामात बायका पुढे आल्या. प्रेमा गोपालन यांच्या 'स्वयं शिक्षण प्रयोग' या संस्थेने लातूर-उस्मानाबादच्या गावांत 'संवाद सहायक' म्हणून गावातल्याच बायका उभ्या केल्या. घर बांधताना गवंड्याला प्रश्न विचारणारी बाई त्यापूर्वी गावात कुणी पाहिली नव्हती. पुढे त्याच जाळ्यातून दुष्काळाच्या वर्षांत बायकांनी एकेक एकर आपल्या ताब्यात मागून घेतला आणि उसाऐवजी घरात खायची पिके घेतली. आपल्या अफजलपूर तालुक्यातही आता ऊस पाहता पाहता वाढला आहे. तेव्हा हे कानावर असू द्यावे.

तर करजगीत अजून ज्यांच्या डोक्यावर माळवद आहे, त्यांनी यंदाच्या उन्हाळ्यात नवा थर टाकण्याआधी जुना खरवडून काढावा, एवढी कळकळीची विनंती. त्यासाठी हात लागले तर आमच्या गटातली तरुण मुले येतील.

आता थोडे अवघड बोलायचे आहे. आपल्या घरांतल्या आठवणी ऐकल्या तर वाक्ये अशी येतात: आमच्याकडे पेव भरून घेत, माळवद घालून घेत, वाकळ शिवून घेत. 'घेत' या शब्दाकडे लक्ष द्यावे. काम दुसऱ्याच्या हातांनी होत होते. म्हणजे ती कला आपल्या आज्ज्यांकडे थोडी होती आणि मांडवाबाहेरच्या गल्ल्यांत जास्त होती. आज ती शिकायची तर शिकवणारी माणसेही तिथलीच. म्हणून आम्ही दोन नियम केले. शिकवायला येणाऱ्याला त्या दिवसाचा पूर्ण रोज द्यायचा, 'तुमचीच कला आहे, आम्हाला दाखवा' म्हणून फुकट राबवायचे नाही. आणि त्यांनी शिकवताना खुर्चीवर बसायचे, आपण खाली. पहिल्या वेळी ज्या मावशी आल्या, त्या खुर्चीवर बसेनात. काम खाली बसूनच होते, असे त्यांचे म्हणणे. ते बरोबर होते. मग सगळेच खाली बसले.

दुसरा प्रश्न भाषेचा. मंडळ मराठी माणसांचे. मग या बैठकांना कन्नड शेजारणी कशा, असे कार्यकारिणीत विचारले गेले. विचारणाऱ्यांचा हेतू वाईट नव्हता. १९५६ ला राज्ये बदलली, तेव्हापासून आपल्या चार-पाच पिढ्यांनी घरातली मराठी जपली ती अशाच मंडळांच्या आधाराने, आणि ती पातळ होण्याची भीती खरी आहे. पण आमचा अनुभव उलटा आहे. वाकळेला शेजारीण कौदी म्हणते आणि दोघी एकाच लुगड्याच्या दोन टोकांना टाके घालत असतात. आपली नातवंडे शाळेत कन्नड आणि इंग्रजी शिकतात, घरी टीव्हीची भाषा बोलतात. कणगी, तुराट्या, भरडणे, लिंपणे, खरवडणे हे शब्द त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा ऐकले ते या अंगणात, कारण वस्तू समोर होती. वस्तूच गेली तर शब्द कुठल्या खुंटीला टांगणार? बिदरजवळ नौबादची सुरंग बावी आपण सहलीत पाहिली आहे. बहामनी काळात जांभा फोडून जमिनीखालून पाणी नेलेले, वर ठिकठिकाणी हवेची विवरे. तिचे फारसी नाव, कारेझ, आपण वाचून सांगू शकतो. तिच्या खणकऱ्यांची बोली मात्र आपल्यातला कुणी सांगू शकत नाही.

मुलांसाठी एक बातमी. जेठ महिन्याच्या अमावास्येला, मण्णेत्तिन अमावास्येला, गावातली पोरे मातीचे बैल करतात. त्यातली बरीच आपलीच पोरे असतात. नुसती रेगड घेतली तर बैल वाळताना तडकतो, हे त्यांना ठाऊक आहे. ती माती भिजवून, चाळून, थोडी रेती आणि कापूस किंवा बारीक तूस घालून मळली की कमी तडकते. याच मुलांनी यंदा घरच्या गणपतीसाठी याच मातीच्या वीतभर मूर्ती केल्या. दोन तडकल्या, बाकीच्या पूजेत आहेत. पुढच्या वर्षी मंडपातली मूर्तीही मातीचीच असावी, असा ठराव आम्ही कार्यकारिणीकडे दिला आहे. तो अजून मंजूर झालेला नाही. उंची किती यावरच घोडे अडले आहे.

निर्माल्यासाठी मंडपामागे दोन पिंप ठेवले आहेत. फुले, दूर्वा, पत्री एका पिंपात. हारातला दोरा, कापूरवड्यांचे कागद, जरीच्या फिती दुसऱ्या पिंपात. कृपा करून हार तसाच टाकू नये. गेल्या वेळी दोरे वेचायला तीन जणी दुपारभर बसल्या होत्या.

पुढची बैठक दसऱ्यानंतरच्या पहिल्या रविवारी, सकाळी नऊला, मंडळाच्या ओसरीवर. विषय वाकळ. घटस्थापनेच्या आधी घरोघर धुणे-झाडणे निघते, तेव्हा जुनी सुती लुगडी आणि धोतरे बाजूला काढून ठेवावीत. नायलॉनचे चालत नाही, सुई सरकते आणि थर घसरतात. येताना मोठ्या नाक्याची सुई आणि जाड सुती दोरा आणावा. कुणी कडेने टाके घालत मध्यावर येतात, कुणी सरळ ओळी धरतात. दोन्ही पद्धतींच्या जाणत्या बाया येणार आहेत. ज्यांची नजर अधू झाली आहे त्यांनीही यावे. सुईत दोरा ओवून देण्याचे काम मुलांनी मागून घेतले आहे.